चिंचवडचा वाडा, पिंपरीचे पेनिसिलिन आणि चाकणची रांग

१/ १२ जानेवारी २०२१ची पहाट. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकातून शीतवाहने बाहेर पडली आणि कोविशील्डच्या पहिल्या पेट्या लोहगाव विमानतळावरून देशातील १३ शहरांकडे निघाल्या. त्याच जिल्ह्यात चाकणच्या कारखान्यातली तिसरी पाळी संपवून खोलीवर परतणाऱ्या पंचविशीतल्या कंत्राटी कामगाराला ही लस मागण्याचा अधिकार मिळायला मात्र १ मे उजाडावा लागला. अधिकार मिळाला आणि दोन आठवड्यांच्या आत राज्यात त्याच्या वयोगटाचे लसीकरणच थांबवले गेले.

२/ या औद्योगिक पट्ट्यात कशाची वाण होती? देशातला पहिला सरकारी प्रतिजैविक कारखाना पिंपरीत. हाफकिनचे नाव धारण करणाऱ्या महामंडळाचा प्रकल्प पिंपरीत. कामगारांचे विमा रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरात, महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय संत तुकारामनगरात. शिवाय पगारातून दरमहा कापली जाणारी विम्याची वर्गणी. एवढे सगळे जवळपास असूनही विमा आणि लस यांची गाठ पडली नाही. ती का पडली नाही, हे समजून घ्यायचे तर सुरुवात चिंचवडपासूनच करावी लागते, आणि तीही १८९७पासून.

३/ १८९६च्या उत्तरार्धात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप दिसू लागला. कॉलऱ्याच्या लशीमुळे आधीच नाव झालेले वाल्देमार हाफकिन यांना मुंबईत बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी काही महिन्यांत प्लेगवरची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस घेतलेल्यांमध्ये रोगाचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले.

४/ या तारखा ध्यानात ठेवाव्यात, कारण त्यापुढचा घटनाक्रम बहुतेकांना पाठ असतो. फक्त तो या तारखांशेजारी कोणी ठेवून पाहत नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग समितीची सूत्रे वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे आली. मार्चपासून गोऱ्या सैनिकांनी घरे तपासण्यास आरंभ केला. रोगी रुग्णालयात, नातलग विलगीकरणाच्या छावणीत, सामानसुमान जाळात किंवा रस्त्यावर. म्हणजे पुण्यात दंडुका पोहोचला तेव्हा मुंबईत लस तयार झालेली होती. ती अपुरी होती, नवी होती आणि तिच्याविषयी शंकाही होत्या. पण राज्यकर्त्यांनी घराच्या उंबरठ्यापर्यंत काय आधी न्यायचे ठरवले, ते या क्रमावरून कळते.

५/ त्याच मार्चमध्ये हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई तेथे रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यात त्यांनाही संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे ज्या हडपसरचे नाव लशींमुळे जगभर गेले, ते हेच हडपसर.

६/ २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे पुढच्या दोन वर्षांत फासावर गेले. आज पिंपरी-चिंचवडमध्ये बसने फिरणाऱ्याला चापेकर चौक हे केवळ एका थांब्याचे नाव वाटू शकते. जवळच त्यांचा वाडा आहे.

७/ हा इतिहास सहसा जुलूम आणि प्रतिकार या दोन शब्दांत सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. पण सार्वजनिक आरोग्याच्या बाजूने पाहिले तर त्यात आणखी एक धागा दिसतो. लोकांचा विश्वास न मिळवता सत्ता घरात शिरली. याउलट मुंबईत तरुण आगाखानांनी स्वतः लस टोचून घेतली, खोजा समाजातल्या लोकांसाठी टोचण्याची सोय आपल्याच जागेत केली, आणि त्या समाजातले लोक मोठ्या संख्येने पुढे आले. औषध तेच आणि भीतीही तीच होती. फरक होता तो ते कोण देते, कोठे देते आणि घेणाऱ्याचे त्या ठिकाणाशी काय नाते आहे, यात.

८/ आता अर्धे शतक पुढे. कारखाने वाढले, तशी आजारी पडलेल्या कामगाराची मजुरी बुडण्याची समस्याही वाढली. १९३१च्या शाही कामगार आयोगाने आजारविम्याचा विचार मांडला होता. १९४३मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवण्यात आले. व्हाइसरॉयच्या मंडळात तेव्हा कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४४चा आडारकर अहवाल कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू या तीन उद्योगांपुरता मर्यादित होता. पण त्याचा गाभा ठाम होता: मालक आणि कामगार दोघांनी वर्गणी भरायची आणि उपचार ही कोणाची मेहेरबानी राहू द्यायची नाही.

९/ त्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. संविधान लागू होण्याच्या आधीचा हा कायदा. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४मध्ये ती मुंबईत आली. आजारपणाचा भत्ता, प्रसूतीचा लाभ, अपंगत्व, अवलंबितांचे निवृत्तिवेतन, वैद्यकीय उपचार आणि अंत्यविधीचा खर्च असे तिचे लाभ. कामगारांच्या तोंडी ती ‘ईएसआय’.

१०/ आणि याच काळात पिंपरीच्या माळावर दुसरे काही उभे राहत होते. १९५४मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेडची स्थापना झाली, १९५५मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. यंत्रसामग्रीसाठी युनिसेफची, तांत्रिक ज्ञानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. तोवर पेनिसिलिन परदेशातून येई. पुढे येथे स्ट्रेप्टोमायसिन तयार झाले. बुरशीवरच्या ‘हॅमायसिन’ या औषधाच्या नावातली पहिली अक्षरे तर या कारखान्याच्याच नावाची. गावाच्या बोलण्यात तो ‘एचए’ झाला, त्याच्या वसाहतीला एचए कॉलनी म्हणू लागले. ज्या शहराची ओळख आज मोटारी आणि सुटे भाग अशी आहे, त्याचा औद्योगिक जन्म एका औषधाच्या पोटी झाला, हे पिंपरीतल्या नव्या पिढीला कोणी तरी सांगायला हवे.

११/ १९५२ आणि १९५५. एकीकडे कामगाराला डॉक्टर मिळवून देणारा विमा, दुसरीकडे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध देशातच बनवणारा सार्वजनिक कारखाना. हे दोन्ही एका आराखड्यातून आले असे म्हणता येणार नाही, पण दोघांच्या मागे एकच समजूत होती: कामगाराचे आरोग्य त्याच्या खिशावर सोडायचे नाही. पुढच्या काळात ही समजूत कोणी जाहीरपणे मोडली नाही. तिचे भाग सुटे होत गेले.

१२/ १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, भोसरीची एमआयडीसी वसली. १९७०मध्ये पिंपरी-चिंचवडला नगरपालिका आली, १९८२मध्ये महापालिका. मग औद्योगिक पट्टा इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकला. इतिहासप्रेमींना चाकण म्हणजे संग्रामदुर्ग, १६६०मध्ये शायिस्ताखानाच्या वेढ्यापुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी लढवलेला किल्ला. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी ही आज कारखान्यांच्या पत्त्यांत दिसणारी नावे त्याच परिसरातल्या गावांची. मराठवाडा-विदर्भापासून बिहार-ओडिशापर्यंतची माणसे या गावांत राहतात, कित्येक जण ‘कॉट बेसिस’वर, म्हणजे खोलीतली केवळ एक खाट भाड्याने घेऊन. त्यांतले पुष्कळसे कंपनीच्या नव्हे, ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात.

१३/ दुसरीकडे सार्वजनिक उत्पादनाची बाजू ढासळत गेली. एचए आजारी उद्योग ठरला. २००८च्या जानेवारीत कसौली, गिंडी आणि कुन्नूर येथील सरकारी लसनिर्मिती संस्थांचे परवाने निलंबित झाले. ते पुन्हा सुरू व्हायला दोन वर्षे लागली. गुणवत्तेचे प्रश्न खरे असतील. पण दुरुस्तीसाठी वेळ आणि पैसा देण्याऐवजी उत्पादन थांबवण्याचा मार्ग निवडला गेला, आणि तोवर लशींचे केंद्र पुरते खासगी क्षेत्राकडे झुकले होते. सीरमचे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. १९६६मध्ये सुरू झालेली ही संस्था स्वस्त लशी जगभर पुरवते. प्रश्न एवढाच की आणीबाणीच्या वेळी सरकारच्या हातात स्वतःचे काय उरले होते.

१४/ एक पूर्वसूचना मिळाली होती. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा अनेकांना आठवत असतील. त्या साथीवरची नाकावाटे घ्यायची देशी लस पुण्यातच तयार झाली. पण ती बाजारात आली जुलै २०१०मध्ये, आणि १० ऑगस्ट २०१० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ती जागतिक साथ संपल्याचे जाहीर केले. लस बनवणारे शहर आणि लस वेळेवर मिळणारे शहर ही दोन वेगळी शहरे असू शकतात, हे तेव्हाच दिसले होते. त्यावर व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही.

१५/ मग २०२०. १३ मार्चला महाराष्ट्राने साथरोग कायदा लागू केला, तोच रँडच्या काळातला. यावेळी मात्र कायद्याबरोबर विमाही आला, आणि ही प्रगती मान्य करायला हवी. १५ एप्रिल २०२०च्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशाने, काम पुन्हा सुरू करणाऱ्या आस्थापनांना कामगारांचा वैद्यकीय विमा बंधनकारक केला. मे महिन्यात महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे दार राज्यातल्या सर्व रहिवाशांना उघडले. तोवर ते शिधापत्रिकेच्या रंगावर ठरे. खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटा आणि त्यांचे दर सरकारने नियंत्रणाखाली आणले. जुलैमध्ये विमा नियामकाच्या आदेशाने ‘कोरोना कवच’ नावाची प्रमाणित पॉलिसी आली: ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत संरक्षण, मुदत साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिने.

१६/ यातल्या प्रत्येक व्यवस्थेचा आरंभबिंदू मात्र एकच आहे: माणूस आजारी पडलेला असला पाहिजे. दाखला, दाखल, देयक, दावा. आजार होऊच नये म्हणून केलेला खर्च या साखळीत कोठेच बसत नाही. मार्च २०२१मध्ये विमा नियामकाने एक खुलासा केला: लशीच्या प्रतिकूल परिणामामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर आरोग्य विमा तो खर्च देईल. चांगलेच झाले. पण त्याचा अर्थ असा की लशीमुळे आजारी पडलेल्याचा खर्च विम्यात होता, आणि लशीचा नव्हता.

१७/ लसीकरण १६ जानेवारी २०२१ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. १ मार्चपासून साठीच्या पुढचे आणि ४५च्या पुढचे व्याधिग्रस्त, १ एप्रिलपासून ४५च्या पुढचे सर्व. हा क्रम वैद्यकीयदृष्ट्या रास्त होता. मृत्यूचा धोका वयाबरोबर वाढत होता आणि मात्रा मोजक्या होत्या. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात राज्याच्या आरोग्यमंत्र्यांना साठा तीन दिवसांचाच उरल्याचे सांगावे लागले आणि केंद्रे बंद पडू लागली. त्याच एप्रिलमधल्या ‘ब्रेक द चेन’ आदेशांत उद्योगांवर अटी होत्या, पण सगळी यंत्रे थांबलेली नव्हती. म्हणजे चाकण-भोसरीतला तिशीच्या आतला कामगार दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात कामावर होता आणि लशीच्या यादीबाहेर होता.

१८/ १ मे २०२१पासून १८ वर्षांवरील सर्वांना दार उघडले, आणि त्याच दिवशी बाजारही. निम्म्या मात्रा केंद्राला, उरलेल्या निम्म्या राज्ये आणि खासगी रुग्णालये यांना. कोविशील्डची एकच कुपी केंद्राला १५० रुपये मात्रेने, राज्यांना ३०० रुपयांनी (आधी ४०० जाहीर झाले होते) आणि खासगी रुग्णालयांना ६०० रुपयांनी. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात १८ ते ४४ वयोगटाकडून पैसे घेण्याचे हे धोरण प्रथमदर्शनी मनमानी आणि अतार्किक ठरवले, आणि केवळ कोविनवर विसंबण्यातल्या डिजिटल दरीवरही बोट ठेवले. ७ जूनला धोरण बदलल्याची घोषणा झाली: २१ जूनपासून ७५ टक्के मात्रा केंद्र घेणार आणि सर्वांना मोफत देणार. २५ टक्के खासगी रुग्णालयांकडे राहिल्या. तेथे कोविशील्डची कमाल किंमत ७८० रुपये, कोवॅक्सिनची १४१०.

१९/ येथे एक साधे गणित मांडून पाहावे. ईएसआयची वर्गणी जुलै २०१९पासून कामगाराची पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के, मिळून वेतनाच्या चार टक्के. वेतनमर्यादा २१,००० रुपये. म्हणजे त्या मर्यादेवरच्या कामगारासाठी दरमहा ८४० रुपये विम्याच्या निधीत जमा होतात; १२,००० मिळवणाऱ्यासाठी ४८०. केंद्राच्या खरेदीच्या दराने दोन्ही मात्रांची किंमत ३०० रुपये. १२,००० वेतनाच्या कामगाराची एका महिन्याची वर्गणी त्या दोन मात्रांना पुरून उरते. बाजारभावाने मात्र हाच कामगार खासगी केंद्रावर १,५६० रुपये मोजणार होता, म्हणजे चार दिवसांची मजुरी.

२०/ मोठ्या कारखान्यांनी आपली वाट काढली. एप्रिलमध्ये कामाच्या ठिकाणी लसीकरणाला परवानगी मिळाली. सुमारे १०० पात्र व्यक्ती असतील तेथे केंद्र उघडता येई. मोठ्या कंपन्यांनी रुग्णालयांशी करार करून शिबिरे घेतली, काहींनी कुटुंबीयांनाही लस दिली, आणि त्याचे श्रेय त्यांना मिळायला हवे. पण भोसरीच्या गल्ल्यांतला बारा-पंधरा माणसांचा कारखाना शंभर कोठून आणणार? तेथला मालक स्वतःच बँकेचा हप्ता आणि कच्च्या मालाचा भाव यांत अडकलेला. कामगाराला लस केव्हा मिळेल हे अशा रीतीने त्याचा मालक केवढा आहे यावर ठरू लागले.

२१/ भूगोलानेही हात धुऊन घेतला. भोसरी आणि मोशी महापालिकेत, चाकण मात्र पुणे ग्रामीणमध्ये. लशीचा साठा पुणे, पिंपरी-चिंचवड आणि ग्रामीण असा वेगवेगळा वाटला जाई. मोशीत राहणारा, महाळुंग्यात राबणारा कामगार नेमका कोणाचा? त्यात कोविनवर वेळ नोंदवण्याची शर्यत. जलद इंटरनेट आणि मोकळी दुपार असलेले शहरातले तरुण ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा पटकावून गाडीने तेथे पोहोचत आणि गावातली माणसे दाराशी पाहत राहत. सरकारी केंद्रांवर १८ ते ४४ वयोगटाला थेट नोंदणीची मुभा २४ मेनंतर आली.

२२/ या सगळ्या काळात कामगारांची एक यादी आधीच तयार होती, आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ईएसआयच्या नोंदवहीत विमाधारकाचे नाव, वय, कुटुंबीय, कारखाना आणि त्याचा दवाखाना हे सारे असते. देशभरातली ईएसआय रुग्णालये कोविडसाठी राखली गेली, त्यांतली कित्येक लसीकरण केंद्रेही झाली. पण तेथेही रांग कोविनचीच. विमाधारक म्हणून कामगाराला तेथे वेगळा हक्क नव्हता. १९४८च्या कायद्याचे १९वे कलम महामंडळाला ठरलेल्या लाभांपलीकडे जाऊन विमाधारकांचे आरोग्य सुधारण्यासाठी उपाय योजण्याची मुभा देत होते. साथीच्या काळात लस हा असा उपाय नसेल, तर दुसरा कोणता?

२३/ महामंडळ निष्क्रिय होते असे नाही. कोविडने मृत्यू पावलेल्या विमाधारकाच्या अवलंबितांना सरासरी वेतनाच्या ९० टक्के निवृत्तिवेतन देणारी योजना २०२१मध्ये आली. अनेक घरांना तिचा आधार झाला असेल. तिच्या अटी मात्र वाचण्यासारख्या आहेत: निदानाच्या किमान तीन महिने आधी नोंदणी, आणि आदल्या वर्षात किमान ७० दिवसांची वर्गणी. ठेकेदार बदलला, मधले महिने टाळेबंदीत गेले, गावाकडे पायी जाऊन परत यावे लागले, तर हे ७० दिवस भरणार कसे? विमा मृत्यूची भरपाई करायला तयार होता, पण त्याची नजर तेव्हाही हजेरीपटावर होती.

२४/ येथे एक रास्त आक्षेप येतो. लस सर्वांना मोफत हवी. तिला विम्याशी जोडले तर विम्याबाहेरचे वाऱ्यावर पडतील. चाकणच्या बाजारातला हमाल, बांधकामावरची बाई, घरकाम करणारी मावशी, टपरीवाला यांचे काय? आक्षेप अगदी खरा आहे, आणि म्हणूनच विमा ही लशीची अट असता कामा नये. विम्याच्या यादीचा उपयोग लस माणसापर्यंत नेण्यासाठी करायचा, यादीत नाव नाही म्हणून कोणाला परत पाठवण्यासाठी नाही. शिवाय यादी एकच नाही. १९६९च्या कायद्याने आलेली माथाडी मंडळे आहेत, बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ आहे. महाराष्ट्राने असंघटितांच्या नोंदीची यंत्रणा देशात लवकर उभारली. लशीच्या वेळी तिची आठवण झाली नाही.

२५/ असे कोठे घडले आहे का, असे कोणी विचारील. १९७४मध्ये जमशेदपूर-टाटानगरमध्ये देवीची मोठी साथ उसळली आणि रेल्वेने जाणाऱ्या माणसांबरोबर ती दूरवर पोहोचू लागली. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या पथकाबरोबर टाटा उद्योगाने आपली वाहने, माणसे आणि व्यवस्थापन कामाला लावले. घरोघर शोध आणि लसीकरण झाले, तेही केवळ कारखान्याच्या पटावरच्यांचे नव्हे. दुसरे उदाहरण अनपेक्षित देशातले. विम्याशिवाय उपचार परवडत नाहीत अशी ज्याची ख्याती, त्या अमेरिकेने मार्च २०२०च्या कायद्यानेच, लस अस्तित्वात येण्यापूर्वी, विमा कंपन्यांना कोविडची लस रुग्णाकडून एक डॉलरही न घेता देण्यास बांधून घेतले. मात्रा सरकारने विकत घेतल्या आणि विमा नसलेल्यालाही नकार देता येणार नाही असे ठरवले. लस येण्याआधी कायदा करता येतो, एवढे तरी त्यातून घेता येईल.

२६/ मागणी म्हणून मांडायचे तर ती फार मोठी नाही. जागतिक साथ जाहीर होताच मान्यताप्राप्त लस हा विमाधारकाचा आणि त्याच्या कुटुंबाचा लाभ मानला जावा, त्यासाठी हजेरीच्या दिवसांची अट नसावी. लस कारखान्याच्या फाटकावर, पाळी सुटण्याच्या वेळी द्यावी. कंपनीचा आणि ठेकेदाराचा माणूस एकाच रांगेत उभा राहावा. लहान कारखान्यांसाठी औद्योगिक वसाहतीचे एक सामाईक केंद्र असावे. महापालिका आणि ग्रामीण भाग यांच्यातली हद्द कामाच्या ठिकाणी मिटवावी. त्याच रांगेत शेजारच्या टपरीवाल्यालाही उभे राहता यावे, आणि त्याच्या मात्रेचा खर्च सरकारने उचलावा.

२७/ ‘एवढा पैसा कोठून’ हा प्रश्न वर मांडलेल्या गणितापुढे टिकत नाही. ‘एवढ्या मात्रा कोठून’ हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि तो पुन्हा एचएच्या माळावर आणून सोडतो. हाफकिन महामंडळाच्या पिंपरीतल्या प्रकल्पात आजही घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरची प्रतिविषे तयार होतात. ते काम खासगी क्षेत्राला फारसे किफायतशीर वाटत नाही, पण गावोगावच्या शेतकऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. २०२१मध्ये याच हाफकिनला मुंबईत कोवॅक्सिन बनवण्यासाठी केंद्राने ६५ कोटींचे साहाय्य जाहीर केले. ऐन लाटेत, एप्रिलमध्ये. लशीचा कारखाना पैसे जाहीर झाल्यावर काही आठवड्यांत उभा राहत नसतो. तो शांततेच्या वर्षांत चालू ठेवावा लागतो, तोट्यात दिसला तरी, जसे अग्निशमन दल ठेवावे लागते.

२८/ १९४८चा ईएसआय कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्याचे केंद्राने जाहीर केले. नियमांची नवी चौकट घडत असताना ‘साथीच्या काळातील लस’ हे तीन-चार शब्द तिच्यात घालून घेण्यासाठी कामगार संघटनांनी आणि पट्ट्यातल्या लघुउद्योजकांनी एकत्र जोर लावला, तर ते अशक्य नाही. तोवर नोंदवही चालूच आहे. दर महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भोसरी, तळवडे आणि चाकणचे मालक व ठेकेदार आदल्या महिन्याची वर्गणी भरतात, आणि तिच्यासोबत कोण किती दिवस कामावर होता याची नावानिशी यादी महामंडळाकडे जाते.